दाखवलं खरं, पण दिसलं का? डोळा, कान आणि बोट ओळखून स्क्रीन घडवण्याच्या पायऱ्या

टेबलावर टॅबलेट, त्यावर अपॉइंटमेंट घेण्याचा फॉर्म आणि समोर साठी ओलांडलेल्या एक बाई. आमच्या टीमने बनवलेल्या फॉर्मची ती पहिलीच चाचणी. बाईंनी नाव भरलं, तारीख आणि वेळ निवडली आणि तळाचं 'नोंद करा' बटण दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि पुन्हा उमटलं. त्यांनी परत दाबलं. परत तेच. चार वेळा दाबून झाल्यावर हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकत असेल हो. मला यातलं कळत नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला, लाल अक्षरांत, 'निवडलेली तारीख उलटून गेली आहे' हा संदेश चारही वेळा आला होता. बाजूला बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो ठळक दिसत होता, कारण तो कुठे येणार हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही.

तेव्हापासून मी कुठलीही स्क्रीन हातावेगळी करण्याआधी खालच्या पायऱ्या चढतो. डोळा काय टिपतो, कान काय पकडतो, बोट किती अचूक पडतं, याबद्दल शंभराहून अधिक वर्षांत जमलेलं ज्ञान आहे आणि त्यातलं बरंचसं एक पट्टी आणि एक घड्याळ घेऊन वापरता येतं. उदाहरण म्हणून तोच फॉर्म पुढे घेतो.

पायरी १: पिक्सेल बाजूला ठेवा, अंतर मोजा

अक्षर किती मोठं असावं, हा प्रश्न पिक्सेलमध्ये विचारला की उत्तर चुकतं. डोळ्याला पिक्सेल कळत नाहीत, त्याला कोन कळतो. तेच अक्षर दुप्पट लांब नेलं की दृष्टिपटलावर निम्मं उमटतं. म्हणून पहिलं काम म्हणजे माणूस ही स्क्रीन किती अंतरावरून पाहणार ते मोजणं. अंदाज नको, पट्टी लावून मोजा. फोन साधारण ३० ते ४० सेंमीवर असतो, लॅपटॉप ५० ते ७०, भिंतीवरचा फलक काही मीटर.

आता एक सोपं गणित पाठ करून ठेवा: ५७ सेंमी अंतरावर १ सेंमी म्हणजे १ अंश. बाकी सगळं त्रैराशिकाने निघतं. टॅबलेट ४० सेंमीवर असेल तर १ अंश म्हणजे साधारण ७ मिलिमीटर. तेवढंही करायचं नसेल तर हात पूर्ण लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. त्याची रुंदी अंदाजे दीड ते दोन अंश भरते.

निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका कलेएवढा, तपशील वेगळा ओळखता येतो. पण ही झाली शेवटची हद्द. हद्दीवर वाचणं म्हणजे डोळे ताणून वाचणं. रोमन अक्षरांसाठी २० ते २२ कलांची उंची आरामाची मानतात, तर १६ च्या खाली जाऊ नये असं सांगतात. २० कला म्हणजे अंशाचा तिसरा भाग. फोन ३५ सेंमीवर असेल तर ही उंची होते २ मिलिमीटर. लॅपटॉप ५७ सेंमीवर असेल तर सव्वातीन मिलिमीटर. तीन मीटरवरच्या फलकाला पावणेदोन सेंटिमीटर. स्क्रीनवर पट्टी ठेवून हे आकडे ताडून पाहा. बऱ्याच ठिकाणी तळटिपा आणि बटणांखालचे मजकूर निम्म्यावर आलेले सापडतात.

देवनागरीसाठी या हिशेबावर थांबून चालत नाही. रोमन अक्षराची ओळख बरीचशी एकाच पट्ट्यात उरकते. देवनागरीत मधल्या पट्ट्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असे तीन मजले असतात. एकाच फॉन्ट साइजमध्ये रोमन आणि देवनागरी शेजारी ठेवा आणि पट्टी लावा. देवनागरीचं मूळ अक्षर बहुतेक वेळा लहान भरतं आणि अनुस्वाराचा ठिपका तर दिसला तर दिसला. 'नोंद' आणि 'नोद' यांत फरक तेवढ्या एका ठिपक्याचाच. म्हणून देवनागरी मजकूर रोमनपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा ठेवा, लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीला दिलेली उंची, अक्षराच्या निदान दीडपट ठेवा आणि लेटर-स्पेसिंगला हात लावू नका. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. डोळा ज्या रेघेवर शब्द बांधतो तीच गेली की शब्दाचे तुकडे पडतात.

फॉन्ट तपासायला मी ठरावीक शब्द वापरतो: 'दृष्टिकोन', 'कर्तृत्व', 'ट्रॅक्टर', 'सूर्यांच्या'. वरचा रफार आणि खालचा ऋकार कापला जात नाही ना, हे यांत लगेच कळतं. मग घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प या जोड्या खऱ्या अंतरावरून वाचून पाहतो. नाव किंवा औषध वाचायच्या जागी या जोड्यांत गल्लत झाली तर ती साधी गल्लत राहत नाही.

पायरी २: डोळा त्या क्षणी कुठे आहे ते शोधा

ही पायरी सगळ्यांत मोलाची. इथे घाई करू नका.

आपल्याला वाटतं की समोरची अख्खी स्क्रीन आपल्याला स्वच्छ दिसते आहे. तसं नसतं. दृष्टिपटलाच्या मध्यावर फोव्हिया नावाची छोटी खळी आहे. तिथे रंग आणि बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी दाटीवाटीने असतात. तिच्या वाट्याला जेमतेम दोन अंश येतात. ४० सेंमीवरच्या टॅबलेटवर हा तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा लहान आहे. त्याबाहेर तपशील झपाट्याने विरतो. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हा छोटा झोत फिरवतो, मेंदू तुकडे जोडतो आणि आपल्याला अख्खं चित्र दिसल्याचा भास होतो.

आमच्या फॉर्ममध्ये बटण तळाला आणि संदेश वर होता. मधलं अंतर १८ सेंमी, म्हणजे सुमारे २४ अंश. बाईंची नजर बटणावर होती, कारण त्या बटणच दाबत होत्या. कडेच्या नजरेला २४ अंशांवर काय दिसतं? हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये एक ढोबळ नियम मांडला: नजरेच्या केंद्रापासून एखादं अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं की दोन्हींची गर्दी होऊन ओळख पटत नाही. २४ अंशांवर निम्मं म्हणजे १२ अंश. टॅबलेटवर हे होतात आठ सेंटिमीटरच्या वर. थोडक्यात, तो संदेश बटणाकडे बघता बघता वाचता यावा म्हणून प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून आठ सेंटिमीटर दूर लिहावं लागलं असतं. फॉन्ट थोडा मोठा करून हा प्रश्न सुटणारच नव्हता.

लाल रंगाचाही उपयोग नव्हता. लाल-हिरव्यातला फरक ओळखण्याची ताकद कडेकडे जाताना कमी होते. बारीक लाल अक्षरं तिथे नुसती एक मळकट रेघ होऊन राहतात.

तरीही कडेची नजर एका बाबतीत तरबेज असते. हालचाल. काही हललं, नव्याने उगवलं, की डोळा आपोआप तिकडे वळतो. मग संदेश उगवला तेव्हा बाईंचा डोळा का वळला नाही? कारण मध्ये पान पांढरं झालं होतं. रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलेला प्रयोग अगदी हाच. एक चित्र, मग क्षणभर कोरा पडदा, मग थोडा बदल केलेलं तेच चित्र. असं आलटून पालटून दाखवलं तर विमानाचं इंजिन गायब झालेलंसुद्धा लोकांना बराच वेळ सापडत नाही. कोरा पडदा काढून टाकला की बदल तत्काळ डोळ्यांत भरतो. कारण सरळ आहे. बदलाच्या जागी होणारी हालचाल डोळ्याला बोलावते, पण सगळीच स्क्रीन एकदम लखलखली की ती एक हालचाल त्या कल्लोळात बुडते. आमचं पान दरवेळी नव्याने लोड होत होतं. नकळत आम्ही बाईंवर तोच प्रयोग करत होतो.

आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दाबाला तर बदलच झाला नाही. आधीचा संदेश होता तिथेच, तसाच पुन्हा आला. ज्यात बदलच नाही ते नवं म्हणून दिसणार कसं?

तर करायचं काय? प्रत्येक कृतीसाठी कागदावर दोन ठिपके काढा: हात आणि नजर जिथे आहेत तो एक, उत्तर जिथे उमटतं तो दुसरा. मधलं अंतर अंशांत मोजा. पाच अंशांच्या आत असेल तर उत्तम. दहाच्या पुढे गेलं तर जागा बदला. जागा बदलता येत नसेल तर उत्तराकडे नजर नेणारी हालचाल द्या आणि त्या क्षणी बाकी स्क्रीन स्थिर ठेवा. अख्खं पान नव्याने लोड करू नका, बदललेला तुकडाच बदला. तीच चूक पुन्हा झाली तर आधीचा संदेश बटण दाबताक्षणी काढा आणि मग नव्याने उमटवा.

तळाशी उगवून दोन-तीन सेकंदांत मावळणाऱ्या पट्ट्या, ज्यांना टोस्ट म्हणतात, त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे. 'कॉपी झालं' वगैरे सांगायला त्या ठीक. चूक सांगायला कधीही वापरू नका. ज्याची नजर तिथे नाही त्याच्यासाठी तो संदेश कधी आलाच नव्हता आणि परत बोलावण्याची सोयही नाही.

एक घरच्या घरी करायची तपासणी: स्क्रीन नेहमीच्या अंतरावर ठेवा, बटणावर बोट ठेवा, नजर नखावर खिळवा आणि नजर न हलवता सांगा, संदेश आला का, काय आला. आपणच बनवलेल्या स्क्रीनवर हे करताना धक्का बसतो.

पायरी ३: कोण कोणाचं, हे अंतराने सांगा

नजर पडल्यावर मेंदू वाचायच्या आधी गट पाडतो. माक्स वर्टहायमर यांनी १९२३ मध्ये याचे नियम मांडले: जवळ असलेलं एक, सारखं दिसणारं एक, सलग जाणारं एक. त्यांतला जवळिकीचा नियम इतका जोरकस आहे की चौकटी आणि रेघा बहुतेक वेळा लागतच नाहीत.

फॉर्ममध्ये नेहमी आढळणारी चूक बघा. 'जन्मतारीख' हे लेबल वरच्या रकान्यापासून १६ पिक्सेल आणि स्वतःच्या रकान्यापासूनही १६ पिक्सेल. आता ते वरच्याचं की खालच्याचं? मेंदूला दरवेळी वाचून ठरवावं लागतं. लेबल आणि त्याचा रकाना यांत ८ ठेवा, पुढच्या लेबलाआधी २४. एक आणि तीन, एवढंच प्रमाण पुरतं. डिझायनर दोन्हीकडे समान अंतर ठेवतात, कारण ते नीटनेटकं वाटतं. पण समान अंतराला अर्थ नसतो, फरकाला असतो.

तपासायला डोळे किलकिले करा, किंवा स्क्रीनशॉट घेऊन ब्लर करा. अक्षरं पुसली गेल्यावरही गट सांगता आले पाहिजेत.

पायरी ४: उठून दिसायचा मान एकालाच द्या

अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल तर तो आपणहून समोर येतो, बाकीचे दहा असोत की पन्नास. पण लाल चौकोन आणि हिरवी वर्तुळं यांच्या गर्दीत लाल वर्तुळ शोधायचं असेल, म्हणजे दोन गुणांची सांगड घालायची असेल, तर डोळ्याला एकेक करून पाहावं लागतं आणि गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो.

यादीत तातडीची नोंद दाखवायची असेल तर तिला असा एकच गुण द्या जो त्या स्क्रीनवर दुसऱ्या कशालाही नाही. नारिंगी रंग तातडीसाठी ठेवलात की तोच नारिंगी मथळ्याला, जाहिरातीला, आयकॉनला देऊ नका. स्क्रीनवर ठळक, रंगीत, हलणाऱ्या गोष्टी किती आहेत ते मोजा. तीनच्या वर गेलं की एकही उठून दिसत नाही.

पायरी ५: आधी उजेड, मग रंग

रंगसंगती ठरवायच्या आधी स्क्रीन पूर्ण राखाडी करा. फोनच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. राखाडीत वाचता आलं, बटण बटणासारखं दिसलं, चूक चुकीसारखी दिसली, तरच रंगाकडे वळा. बारीक तपशील ओळखायचं काम डोळा मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावर करतो. रंगाचा वाटा त्यावरच्या ओळखीपुरता.

हा फरक मोजायला वेबच्या सुगम्यतेसाठीची डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वं वापरा. नेहमीच्या मजकुराला काँट्रास्ट निदान ४.५ ला १, मोठ्या मजकुराला ३ ला १, बटणांच्या कडा आणि आयकॉन यांनाही ३ ला १. मोजायची साधनं ब्राउझरमध्येच असतात. आमच्या फॉर्मचा शुद्ध लाल रंग पांढऱ्यावर मोजला तेव्हा ४ ला १ भरला. भडक वाटणारा रंग वाचायला उणा पडत होता. गडद लाल घेतला आणि अक्षरं जाड केली.

निळ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी मुळात थोड्या असतात आणि फोव्हियाच्या अगदी मध्यावर तर नसतातच. काळ्यावर बारीक गर्द निळी अक्षरं म्हणूनच धूसर वाटतात. निळा पार्श्वभूमीला द्या, मोठ्या पृष्ठांना द्या, बारीक मजकुराला नको. तसंच भडक लाल आणि भडक निळा एकमेकांना खेटून ठेवू नका. डोळ्याचं भिंग दोन्ही रंग एकाच वेळी एकाच ठिकाणी नीट जुळवू शकत नाही आणि कडा थरथरतात.

लाल-हिरव्याची गल्लत करणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत १०० मागे सुमारे ८ आहेत. स्त्रियांत हे प्रमाण बरंच कमी, २०० मागे एक. इतर लोकसमूहांत आकडे वेगळे असले तरी नगण्य कुठेच नाहीत. म्हणून 'चालू' आणि 'बंद' फक्त हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवू नका. आकार बदला, शब्द लिहा.

आलेख असेल तर विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये तपासलेला क्रम हाताशी ठेवा: एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सगळ्यांत अचूक वाचतो, मग लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ आणि रंगाची गडद-फिकी छटा शेवटी कुठेतरी. तुलना करायची असेल तर पायचार्टऐवजी स्तंभ काढा.

डार्क मोडविषयी सतत विचारलं जातं. अंधाऱ्या खोलीत तो सुखावह आहे, पण लांब मजकुरासाठी उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरं बरी. उजेडात बाहुली आकसते आणि आकसलेल्या बाहुलीतून प्रतिमा अधिक रेखीव पडते. दोन्ही द्या आणि निवड वापरणाऱ्यावर सोडा.

पायरी ६: घड्याळ लावा

कारण आणि परिणाम यांची गाठ मेंदू वेळेवरून बांधतो. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये आणि याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये सांगितलेल्या तीन पायऱ्या आजही उपयोगी पडतात. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर 'मी केलं' असं वाटतं. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांपुढे माणूस दुसरीकडे वळतो.

म्हणून सर्व्हरला किती का वेळ लागेना, बटणाने आपला रंग किंवा दाबलेपण ०.१ सेकंदाच्या आत दाखवलंच पाहिजे. बाईंनी चार वेळा दाबलं त्यामागे हेही होतं. पहिल्या दाबाला बटण दबल्यासारखं दिसलंच नाही. 'लागलं का नाही?' या शंकेला दुसरा दाब हेच एकमेव उत्तर होतं.

काम एक सेकंदाच्या आत उरकणार असेल तर फिरणारं चाक दाखवू नका. ते लुकलुकून जातं आणि काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. त्याहून लांबलं तर चाक दाखवा. दहाच्या घरात गेलं तर किती झालं, किती उरलं ते सांगा आणि रद्द करण्याची सोय द्या.

बोटाने ओढायच्या गोष्टींना मात्र ०.१ सेकंद हा फार मोठा उशीर आहे. बोट सेकंदाला २० सेंमी वेगाने सरकत असेल तर ०.१ सेकंदात ते २ सेंमी पुढे निघून जातं आणि चित्र मागे राहतं. ती फट डोळ्यांसमोर उघडी दिसते. चित्र काढणं, नकाशा सरकवणं, स्लायडर यांसाठी मिलिसेकंदांची काटकसर करावी लागते. आभासी जग दाखवणाऱ्या, डोक्यावर घालायच्या व्हीआर चष्म्यात तर मान वळणं आणि चित्र वळणं यांत २० मिलिसेकंदांहून जास्त जाऊ नयेत असं धरतात. जास्त झालं की डोळा एक सांगतो, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरं सांगते आणि मळमळायला लागतं.

पायरी ७: बोटाचा हिशेब

पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम: लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका पोहोचायला वेळ जास्त आणि हा वेळ अंतर भागिले रुंदी या प्रमाणाच्या लॉगॅरिदमने वाढतो. व्यवहारात याचा अर्थ असा की अंतर दुप्पट झालं तर रुंदीही दुप्पट करा, वेळ जवळपास तेवढाच राहील. माउससाठी स्क्रीनच्या कडा आणि कोपरे सोन्याचे, कारण बाण कडेपाशी आपोआप थांबतो आणि लक्ष्य पलीकडे कितीही रुंद असल्यासारखं वागतं. मात्र कडेपासून एक पिक्सेल जरी आत सरकवलात तरी हा फायदा गेला.

टच स्क्रीनवर लक्ष्याची बाजू ९ मिमीच्या आसपास ठेवा. अँड्रॉइड ४८ डीपी सुचवतं (डीपी म्हणजे पिक्सेल दाट असोत की विरळ, जवळपास तेवढंच राहणारं एकक), तेही साधारण त्याच घरात जातं. डब्ल्यूसीएजी २.२ किमान २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मापाचं एकक) मागते आणि तिच्या कडक पातळीवर ४४. किमान हे किमानच समजा, हात थरथरणाऱ्या माणसाला ते पुरत नाही. 'काढून टाका' हे बटण 'जतन करा'ला चिकटवू नका.

आणि बोट पारदर्शक नसतं. ही साधी गोष्ट आम्हीही विसरलो होतो. त्याकडे शेवटी येतो.

पायरी ८: कान, त्वचा आणि ज्यांना स्क्रीन दिसत नाही ते

सूचनेचा आवाज फार उंच पट्टीचा ठेवू नका. वयाबरोबर आधी उंच पट्टीचेच आवाज ऐकू येईनासे होतात. ५०० ते ३००० हर्ट्झच्या टप्प्यात, दोन-तीन सुरांचा मिळून आवाज केलात तर तो गोंगाटातही बहुतेकांना सापडतो. व्हिडिओत आवाज चित्राच्या मागे राहिलेला चालून जातो, पुढे गेलेला खटकतो. साधारण १२५ मिलिसेकंद मागे आणि ४५ पुढे इथे फरक जाणवू लागतो. लांबून येणारा आवाज नेहमी उशिराच पोहोचतो, आपल्याला त्याची सवय आहे.

कंपनासाठी त्वचा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असते. एक छोटा ठोका 'झालं', दोन 'नाही झालं', एवढीच भाषा ठेवा. पाच प्रकारचे ठोके कोणी लक्षात ठेवत नाही.

लखलखाटाच्या बाबतीत सूट घेऊ नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही चमकता कामा नये. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेत लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतांश मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच न्यायाने, ज्यांना सरकत्या पडद्यांनी चक्कर येते त्यांनी फोनमध्ये 'हालचाल कमी करा' ही सेटिंग चालू केलेली असते. आपल्या अ‍ॅपने ती वाचलीच पाहिजे. अशा वेळी सरकण्याऐवजी हळूच उमटणं वापरा.

स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्याला कडेची नजर नसतेच. त्याला सगळं एका मागोमाग एक ऐकू येतं. संदेश दिसण्याच्या जागेइतकाच तो बोलला जाण्याचा क्षण महत्त्वाचा. तो लाइव्ह रीजनमध्ये, म्हणजे बदल झाला की आपोआप वाचला जाणाऱ्या भागात, ठेवा आणि फोकस, म्हणजे टाइप केलेलं जिथे उमटेल ती निवड, चुकलेल्या रकान्यावर न्या. डोळस माणसालाही या फोकसचा फायदा होतो, कारण रकान्याची कड बदलते.

पायरी ९: लक्षात ठेवायला लावू नका

नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडल्याप्रमाणे माणूस एका वेळी मनात चारेक गोष्टी धरू शकतो. एका स्क्रीनवरचा क्रमांक पुढच्या स्क्रीनवर आठवून टाकायला लावत असाल तर तो क्रमांक तिथेच दाखवा. लांब आकडे तीन-चारच्या गटांत तोडा.

पायरी १०: बसवा, पाहा, गप्प राहा

सगळे आकडे जुळले तरी माणसासमोर ठेवल्याशिवाय स्क्रीन पूर्ण झाली असं समजू नका. चार-पाच जणही पुरतात, पण ते वेगवेगळे हवेत: एक साठीपुढचा, एक चष्मा घरी विसरून आलेला, एक रंगांधळा. ब्राइटनेस निम्मी करून एकदा, उन्हात उभं राहून एकदा, चालता चालता एकदा.

'आवडलं का?' असं विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. स्क्रीन पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, "काय काय दिसलं?" काम करताना मध्येच थांबवून विचारा, "आत्ता काय झालं असं वाटतं?" त्यांची बोटं पाहा. एकच बटण दोन सेकंदांत तीनदा दाबलं गेलं तर तिथे उत्तर दिसत नाही, हे नक्की. ही खूण लॉगमध्येही, म्हणजे अ‍ॅप आपोआप ठेवतं त्या नोंदींतही, टिपता येते आणि मी ती प्रत्येक प्रकल्पात नोंदवायला लावतो. आणि "माझंच चुकलं" हे वाक्य कानावर पडलं की ती वेळ आणि ती जागा वहीत लिहा. दुरुस्ती तिथून सुरू करायची.

आमचा फॉर्म आम्ही याच क्रमाने सुधारला. पान लोड करणं बंद केलं, अक्षरं मोठी केली, लाल गडद केला, बटणाला दाबलेपण दिलं आणि संदेश बटणाच्या लगेच खाली आणला. दुसऱ्या चाचणीत एका काकांनी बटण दाबलं आणि परत दाबलं. पुन्हा तेच! मी खुर्ची सरकवून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसलं. संदेश नेमका त्यांच्या तळहाताखाली उमटत होता. त्याच संध्याकाळी तो बटणाच्या वर, बरोबर दीड सेंटिमीटरवर नेला आणि तारखेच्या रकान्याची कडही लाल केली.

तिसऱ्या फेरीला पहिल्या बाईंनाच पुन्हा बोलावलं. यायला त्या तयार नव्हत्या, आग्रह करावा लागला. नाव, तारीख, वेळ, बटण. एकदाच दाबलं. हात तिथेच थांबला, नजर किंचित वर गेली.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या, "महिना मागचाच राहिला की."